मुंबई-पुण्याची पदवी कॅनडासाठी तपासून घेताना

एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे कायम वास्तव्यासाठी गुणांवर निवड करणाऱ्या कॅनडाच्या योजनेत, परदेशी शिक्षणाचे गुण हवे असतील तर पदवीचं ईसीए, म्हणजे शैक्षणिक मूल्यांकन, करून घ्यावं लागतं. कॅनडा सरकारने त्यासाठी काही संस्था नेमल्या आहेत. आपल्याकडचे बरेच जण त्यातल्या डब्ल्यूईएस (वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस) या संस्थेकडे जातात, म्हणून इथे तिचीच पद्धत सांगतो. कॅनडात डॉक्टर, फार्मासिस्ट किंवा आर्किटेक्ट म्हणून काम करायचं असेल तर मात्र डब्ल्यूईएसचे पैसे भरू नका. या व्यवसायांसाठी नेमलेल्या संस्था वेगळ्या आहेत.

विद्यापीठाकडे धाव घेण्याआधी डब्ल्यूईएसच्या संकेतस्थळावर खातं उघडा आणि फी भरा. मग संदर्भ क्रमांक मिळतो. विद्यापीठाकडून जाणाऱ्या फॉर्मवर आणि पाकिटावर तो हवाच. नसेल तर डब्ल्यूईएसच्या टोरांटो कार्यालयात पोचलेलं पाकीट नेमकं कुणाचं, हे जुळवण्यातच आठवडे जातात. खात्यात देश आणि विद्यापीठ निवडलं की कोणती कागदपत्रं लागतील याची यादी दिसते. मित्राच्या यादीवर जाऊ नका, त्याचं विद्यापीठ किंवा वर्ष वेगळं असू शकतं.

भारतीय पदवीसाठी साधारणपणे दोन गोष्टी लागतात. पदवी प्रमाणपत्राचा स्वच्छ स्कॅन तुम्ही स्वतः द्यायचा. सगळ्या वर्षांचे किंवा सत्रांचे गुण असलेली ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाने साक्षांकित करून थेट पाठवायची. सर्वात जास्त अर्ज इथेच अडकतात. संलग्न कॉलेजच्या प्राचार्यांची सही-शिक्का पुरत नाही. काम विद्यापीठाच्या परीक्षा विभागातूनच व्हायला हवं. पाकीट विद्यापीठाने बंद केलेलं हवं आणि चिकटवलेल्या तोंडावर आडवा शिक्का किंवा सही हवी. तुमच्या विद्यापीठाची डिजिटल पद्धत असेल तर तीच घ्या, कुरिअरची अर्धी डोकेदुखी वाचते.

एटीकेटी लागली असेल तर नापासाच्या मार्कशीटसुद्धा जोडा. त्या लपवल्या की सत्रांचा हिशोब जुळत नाही आणि शंका येते. एखादी मार्कशीट हरवली असेल तर आधी दुय्यम प्रत काढा. तिला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्या मार्कशीट टेबलावर क्रमाने मांडून बघा.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला गेलेल्यांनी इथे खास लक्ष द्यावं. पदवीच्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये सहाच सत्रं दिसतात, आणि कारण कळलं नाही तर चार वर्षांची पदवी अर्धवट वाटते. तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमाची कागदपत्रंही त्याच अर्जात द्या.

नावाचा घोळ हा खास आपला प्रश्न. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं, कधी आईचंही. पासपोर्टवर क्रम निराळा. नुसता क्रम बदलला तर सहसा अडत नाही. पण लग्नानंतर आडनावच नव्हे, कधी पहिलं नावही बदललेलं असतं, आणि तिथे पुरावा द्यावाच लागतो: विवाह प्रमाणपत्र, आणि नाव राजपत्रात बदललं असेल तर त्याची प्रत. विवाह प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर त्याचं अधिकृत इंग्रजी भाषांतर करून ठेवा.

कोणकोणत्या पदव्या तपासून घ्यायच्या? एक्स्प्रेस एन्ट्रीसाठी सहसा सर्वोच्च पदवी पुरते. मात्र जोडीदार सोबत नसलेल्या अर्जदाराला एका बॅचलर पदवीचे १२० गुण मिळतात, तर दोन पात्रता असून त्यातली एक किमान ३ वर्षांची असेल तर १२८ आणि मास्टर्सचे १३५. म्हणून बीकॉमनंतर पदव्युत्तर डिप्लोमा केला असेल तर दोन्हींचं मूल्यांकन करून घ्या. या ८ गुणांवर कायम वास्तव्याच्या अर्जाचं निमंत्रण येऊ किंवा हुकू शकतं. गुणांचे नियम सरकार बदलतं, त्यामुळे अर्ज भरतानाचा तक्ता बघा. आणि ईसीएचा अहवाल ५ वर्षंच चालतो, हेही ध्यानात असू द्या.

अहवाल हाती आला म्हणजे कॅनडात काम करायचा परवाना मिळाला, हा समज फार महागात पडतो. ईसीए फक्त स्थलांतरासाठी असतं. इंजिनिअर, नर्स, शिक्षक अशा नियंत्रित व्यवसायांचा परवाना प्रांत देतो. ओंटारिओ प्रांतात नावापुढे ‘पी. इंज.’ (परवानाधारक इंजिनिअर) लावायचं तर तिथल्या इंजिनिअर संस्थेकडे वेगळा अर्ज करावा लागतो: शिक्षणाची तपासणी, गरजेप्रमाणे तांत्रिक परीक्षा, कायदा आणि नीतिमत्तेची परीक्षा, शिवाय ४८ महिन्यांचा अनुभव. पूर्वी त्यातला एक वर्षाचा अनुभव कॅनडातलाच लागायचा; ती अट मे २०२३ मध्ये निघाली, ही आपल्या लोकांसाठी मोठी सोय झाली. तरीही प्रत्येक नोकरीचं पत्र नीट लिहून घ्या. ‘सिनिअर इंजिनिअर’ एवढंच लिहिलेलं पत्र निरुपयोगी. काय आराखडा केला, कोणते निर्णय घेतले, कुणाच्या देखरेखीखाली, हे त्यात यायला हवं. साहेब निवृत्त झाले की असं पत्र मिळवणं कठीण.

परवाना देणारी संस्था किंवा तिथलं विद्यापीठ पुढे पुन्हा ट्रान्स्क्रिप्ट मागू शकतं, आणि कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात चकरा मारता येत नाहीत. निघण्याआधी सगळ्या मार्कशीटच्या झेरॉक्सचा एक संच आणि सही केलेलं अधिकारपत्र घरातल्या कुणाकडे तरी देऊन ठेवा.