युनिव्हर्सिटीचे डोनेशनचे फोन थांबतच नाहीत? मग नक्की काय बोलायचं ते वाचा

अमेरिकेत शिकलेल्या आपल्या बहुतेक लोकांना हा अनुभव आहे. संध्याकाळी सात-साडेसातची वेळ, एकीकडे कुकर लावलाय, मुलांचा होमवर्क चाललाय आणि जुन्या युनिव्हर्सिटीच्या एरिया कोडवरून फोन. उचलला नाही तर उद्या परत, परवा परत, आणि उचलला तर पलीकडे एकोणीस-वीस वर्षांचं पोर इतकं गोड बोलत असतं की नाही म्हणायला जीभच रेटत नाही. मी स्वतः एमएस करताना दोन सेमिस्टर अशाच कॉलिंग सेंटरला हेडसेट लावून बसलेय (एफ-१ व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं आणि संध्याकाळची शिफ्ट क्लासच्या आड येत नाही), त्यामुळे त्या बाजूला काय चालतं ते मला माहितीये. ते एकदा कळलं की हे फोन थांबवणं अवघड नाही.

पहिली गोष्ट, फोन न उचलणं हा उपाय नाही. कॉलरच्या स्क्रीनवर तुमचं नाव, डिपार्टमेंट, पासआउटचं वर्ष, आधी काही दिलं असेल तर किती आणि कधी, हे सगळं असतं. कॉल संपला की त्याला एक कोड निवडावा लागतो, त्याशिवाय पुढचा नंबर लागत नाही. आमच्याकडे नो आन्सर, कॉल बॅक, प्लेज (देणगी द्यायचं कबूल केलं), रिफ्यूजल, राँग नंबर आणि डू नॉट कॉल असे कोड होते. नो आन्सर आणि कॉल बॅकवाले नंबर सिस्टिम आपोआप परत रांगेत टाकायची. म्हणजे आपण सभ्यपणे "आत्ता जरा गडबडीत आहे, नंतर करा ना" म्हणतो, ते तिथे कॉल बॅक होतं. "यंदा नाही जमणार" म्हटलं की रिफ्यूजल, म्हणजे या सीझनला सुटलात, पुढच्या सीझनला यादीत आहातच. आणि "बरं, पंचवीस डॉलरचं बघते" असं नुसतं म्हटलं तरी ते प्लेज म्हणून लागू शकतं, मग पैसे येईपर्यंत रिमाइंडर चालू. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते इथे अगदी पटतं.

तेव्हा फोन उचला, आणि पहिल्याच मिनिटात बोला. कॉलची एक ठरलेली चाल असते: आधी पत्ता बरोबर आहे ना, मग कॅम्पसच्या गप्पा, नवीन लायब्ररी, तुमचे प्रोफेसर अजून आहेत का वगैरे, मग एक मोठा आकडा, नाही म्हटलं की त्याच्या निम्मा, आणि शेवटी "दहा डॉलर तरी द्या, पार्टिसिपेशन वाढतं". हे शेवटचं उगाच नसायचं, कारण यूएस न्यूज या प्रकाशनाच्या कॉलेज रँकिंगमध्ये किती टक्के माजी विद्यार्थी देणगी देतात हे बरीच वर्षं धरलं जायचं, २०२३ मध्ये ते काढलं. आणि त्यातही मोजायचे ते बॅचलर्सवालेच. त्यामुळे तुम्ही एमएस केलं असेल तर या मुद्द्यावर मन खायचं काहीच कारण नाही.

आता मुख्य पायरी, शब्द. "नॉट इंटरेस्टेड" नाही, "कॉल मी लेटर" तर अजिबात नाही. एक घाव दोन तुकडे: "प्लीज मार्क माय रेकॉर्ड ॲज डू नॉट कॉल." मग थांबा, आणि मार्क केलं का ते विचारा. तो हो म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. पत्रं आणि ईमेलमधलं पैसे मागणंही नको असेल तर "डू नॉट सॉलिसिट" म्हणा. "डू नॉट कॉन्टॅक्ट" मात्र विचार करून म्हणा, त्याने रीयुनियनची निमंत्रणं आणि न्यूजलेटरही बंद होऊ शकतात. ट्रान्स्क्रिप्टची काळजी नको, ते रजिस्ट्रारकडून मिळतं, त्याचा याच्याशी संबंध नाही.

मी यावर एवढा जोर देतेय त्याला कारण आहे. एकदा मी एका माणसासाठी फोन केला तर त्यांच्या बायकोने उचलला. ती म्हणाली, ते मार्चमध्ये गेले, मी तुम्हाला हे आता तिसऱ्यांदा सांगतेय. मी मागच्या नोंदी बघितल्या, दोन्ही कॉल बॅक होत्या. आधीच्या मुलांना बहुतेक काय बोलावं ते सुचलं नसेल आणि त्यांनी हाताला लागला तो कोड लावला. मी माफी मागितली, रेकॉर्ड बदललं, सुपरवायझरला जाऊन सांगितलं, पण त्या बाईंचा आवाज अजून आठवतो. घरात असं कुणाचं झालं असेल तर फोनवर विसंबू नकाच, सरळ लेखी कळवा.

लेखी म्हणजे ॲन्युअल गिव्हिंग (दरवर्षीच्या देणग्या बघणारे) किंवा अलम्नाय रेकॉर्ड्सच्या (माजी विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या) ऑफिसला चार ओळींची ईमेल. डिग्री, वर्ष, ज्या ज्या नंबरवर फोन येतात ते सगळे नंबर, आणि वरचंच वाक्य. आपल्या बायकांनी एक लक्षात ठेवायचं, ॲडमिशनला माहेरचं नाव, मधे वडिलांचं, नंतर सासरचं आणि मधे नवऱ्याचं, यामुळे एकाच बाईची दोन रेकॉर्ड असू शकतात. एकावर डू नॉट कॉल लागलं तरी दुसऱ्यावरून फोन येत राहतात, म्हणून दोन्ही नावं लिहा. नवराही तिथलाच असेल तर त्याचंही वेगळं सांगा.

एवढं करूनही फोन आला तर कुणाकडून आला ते विचारा. सरकारी युनिव्हर्सिट्यांमध्ये देणग्या घेणारं फाउंडेशन आणि अलम्नाय असोसिएशन बऱ्याचदा वेगळ्या संस्था असतात, शिवाय डिपार्टमेंट आणि स्पोर्ट्सवाले आपल्या याद्या वेगळ्या ठेवू शकतात.

अमेरिकेतली २००३ पासूनची सरकारी डू नॉट कॉल रजिस्ट्री, म्हणजे विक्रीचे फोन नको असलेल्यांची यादी, यात उपयोगाची नाही, देणगीचे फोन त्यातून वगळलेत. पण फोन करायला बाहेरची कंपनी नेमली असेल तर त्या संस्थेसाठी मला परत फोन करू नका असं सांगितल्यावर तिला ते कायद्याने पाळावं लागतं, म्हणून "तुम्ही युनिव्हर्सिटीतून बोलताय की कंपनीतून" हे विचारून ठेवा. यूकेत शिकला असाल तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे, तिथे देणगी मागणं हे डायरेक्ट मार्केटिंग धरतात आणि तुम्ही हरकत घेतली की थांबवावंच लागतं.

आणि कार्ड नंबर फोनवर कधीही देऊ नका, मग समोरचा कितीही खरा वाटू दे, कॉलर आयडी खोटा दाखवता येतो. खरंच द्यायचं असेल (मी देते, ज्या स्कॉलरशिपने माझी एका सेमिस्टरची फी भागली तिला) तर युनिव्हर्सिटीच्या साइटवर स्वतः जाऊन, कुठल्या फंडाला ते निवडून द्या, कंपनी मॅचिंग देते का, म्हणजे तुमच्या देणगीत स्वतःची भर घालते का, ते एचआरला विचारा, आणि त्याच फॉर्मवर फोन नंबरची जागा सक्तीची नसेल तर रिकामी सोडा. कारण गेल्या वर्षी दिले आणि यंदा अजून आले नाहीत अशांची वेगळी यादी असते, आणि आमच्याकडे सीझनचे पहिले फोन त्याच यादीला जायचे.