चिऱ्याच्या रंगाचं गाळणं

माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन पश्चिम बंगालमधल्या नदिया जिल्ह्यात गेली. पावसाळ्यात तिचा फोन आला. "सर, घरच्या हातपंपाच्या पाण्यात आर्सेनिक निघालं. लिटरला ०.०८ मिलिग्रॅम. आपल्या गोव्यातल्या डिचोलीच्या चिऱ्याचा चुरा भरून गाळलं तर चालेल?"

भारतीय मानकाची मर्यादा ०.०१ आहे, म्हणजे हे आठपट. आणि उकळून काही होत नाही. पाणी आटतं, आर्सेनिक तेवढंच राहतं.

तिची कल्पना चुकीची नव्हती. चिरा म्हणजे जांभा दगड. त्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडांचा. त्यांच्या पृष्ठभागावर आर्सेनिक चिकटून बसतं. खरगपूरच्या आयआयटीने अशाच जांभ्या दगडावर आम्ल आणि अल्कलीची प्रक्रिया करून गाळणं बनवलं आहे. पण कच्चा चुरा नको. मी घरच्या विहिरीचं पाणी घालून पाहिलं. आधी बराच वेळ तांबडी माती उतरली, मग गाळणंच तुंबलं. तिला मी फेरिक हायड्रॉक्साइडचे, म्हणजे लोहाच्याच एका संयुगाचे, तयार दाणे घ्यायला सांगितलं, अर्धा ते दोन मिलिमीटरचे.

दाण्यांच्या आधी एक काम असतं आणि बहुतेक लोक तिथेच चुकतात. जमिनीखालच्या पाण्यात बरंचसं आर्सेनिक आर्सेनाइट रूपात असतं. त्यावर विद्युतभार नसल्यामुळे ते नीट पकडलं जात नाही. त्याचं आर्सेनेट, म्हणजे विद्युतभार असलेलं रूप, करावं लागतं. आपण विहिरीत घालतो तीच ब्लीचिंग पावडर चालते. ती पाण्यात कालवून वरची निवळी बादलीत थोडी थोडी घालायची. अर्ध्या तासाने तपासपट्टीवर लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला दिसला की पुरे. पाण्यात लोह असेल तर त्याचा गंज होऊन खाली बसतो, थोडं आर्सेनिकही सोबत नेतो. रात्रभर ठेवून वरचं पाणी वाळूतून गाळायचं, नाहीतर दाण्यांवर गंजाचा थर बसतो.

आता नळी. चार इंची पाइप उभा, तळाशी खडी, त्यावर वाळू, वर ४० सेंटिमीटर दाणे. हे साधारण तीन लिटर होतात. दाणे आधी रात्रभर भिजवून, पाणी नितळ येईपर्यंत धुवायचे. पाण्याला दाण्यांत दहा मिनिटं मिळाली पाहिजेत, म्हणजे मिनिटाला ०.३ लिटर, तासाला १८. घरच्या पिण्या-रांधण्याला एवढं पुष्कळ. खालची तोटी त्या बेताने बांधून ठेवायची, घाई म्हणून उघडायची नाही. दाणे कोरडे पडू द्यायचे नाहीत. भेगा पडून पाणी त्यांतूनच निसटतं.

पाण्याचा सामू (pH) ६ ते ८ असला की लोहाचे दाणे चांगलं काम करतात. सक्रिय ॲल्युमिना (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे दाणे) घेतलात तर त्याला साडेपाच-सहाचा सामू लागतो, म्हणून घरासाठी मी ते सुचवत नाही. पाण्यात फॉस्फेट किंवा सिलिकेट जास्त असेल तर ते आर्सेनिकची जागा अडवतात आणि दाणे लवकर भरतात.

केव्हा भरले हे डोळ्यांना, जिभेला कळत नाही. म्हणून दर महिन्याला गाळलेल्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यायचा. वहीत तारीख, आकडा आणि किती बादल्या गाळल्या तेही लिहायचं. आकडा ०.०१ च्या जवळ सरकू लागला की दाणे बदलायचे. फोनवर हे सगळं मी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

जुने दाणे आणि बादलीतला गंज परसात, माडाच्या मुळाशी किंवा ओढ्यात टाकू नका. झाकणाच्या डब्यात भरून, वर "आर्सेनिक" लिहून, मुलांच्या हाताबाहेर ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.