जुना फुंकीव काचेचा बाउल घेताना तो आधी उलटा करा

चोर बाजारात मटण स्ट्रीटवर प्रत्येक जाड काचेचा बाउल 'साहेब, बेल्जियम' म्हणूनच दाखवतात. त्यातला तोंडाने फुंकलेला कुठला आणि साच्यात दाबलेला कुठला, हे बोटांनी कळतं.

१. बाउल उलटा करून तळाच्या मधोमध अंगठा फिरवा. फुंकून झाल्यावर काठ घडवताना लोखंडी सळईवर धरलेल्या भांड्याला तिथे खरखरीत व्रण राहतो, किंवा तो घासून काढल्याचा गुळगुळीत खळगा.

२. बाहेरून नख आडवं फिरवा. साच्याची उभी शिवण लागली, तर बहुधा दाबकाम. (साच्यात फुंकलेल्यालाही शिवण असते, पण त्यात नक्षीचा उठाव आतूनही हाताला लागतो.)

३. बुडाची कड उजेडात तिरकी धरा. वर्षानुवर्षं टेबलावर सरकलेल्या भांड्यावर ओरखडे वेडेवाकडे असतात. सगळे एकाच दिशेचे दिसले, तर सँडपेपर फिरवलाय, पुढे चला.

तळाचा व्रण म्हणजे जुनेपणाचा दाखला नव्हे. फिरोजाबादला आजही काच फुंकतात, त्यामुळे तिसरी पायरी गाळू नका. आणि घरी आणल्यावर सोनेरी कड असलेल्या बाउलला व्हिनेगर लावू नका; सोनं निघू शकतं.