प्लास्टिक मॉडेल किट बनवताय? मिग-२१ च्या निमित्ताने, या चुका टाळा

प्लास्टिक किटचं एक विचित्र आहे, चूक जिथे होते तिथे ती दिसतच नाही. सिमेंट (म्हणजे किटचे भाग जोडायचं द्रावण) लावताना केलेला घोळ रंग मारल्यावर दिसतो, रंगात केलेला आळस डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची चिन्हं-नंबर, लावल्यावर चमकतो, आणि मग माणूस डिकललाच शिव्या घालत बसतो. त्यामुळे काही बिघडलं की "आता यावर काय लावू" असं विचारण्याआधी "याच्या आधी काय केलं होतं" हे आठवायचं. उदाहरणाला मिग-२१ घेतोय, कारण एक तर हे विमान आपल्या नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात बनत होतं, १९६३ ला हवाई दलात आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं, त्यामुळे कपाटात एक तरी मिग हवं असं वाटणारे बरेच जण असणार. आणि दुसरं म्हणजे हे किट नवशिक्याला सोपं वाटतं, एक नळी आणि दोन त्रिकोणी पंख, पण चुका लपवायला त्यात जागाच नाही.

खोक्यावरचं चित्र बघून किट घेऊ नका

आपल्या हवाई दलाने मिग-२१ चे बरेच प्रकार वापरले, एफएल, एम, बिस, आणि बिसचं सुधारून केलेलं बायसन. एफएलला पंखाखाली दोनच पायलॉन (बॉम्ब, क्षेपणास्त्रं टांगायचे खांब), आणि पोटात तोफ नाही. नंतरच्या एम आणि बिसला चार पायलॉन आणि पोटात जीएसएच-२३ तोफ, शिवाय बिसची पाठ चांगली जाड. खोक्यात भारताचे डिकल आहेत म्हणजे आतलं प्लास्टिक त्याच प्रकारचं असेल असं नाही, तेव्हा डिकलवर जो नंबर आहे त्या विमानाचा खरा फोटो आधी शोधा आणि पाठ, पायलॉन, पोट एवढं तरी जुळतंय का बघा. नॅट या छोट्या ब्रिटिश जेटच्या बाबतीत हाच घोटाळा जास्त होतो. टी-१ म्हणजे दोन सीटचं ट्रेनर, ब्रिटिश हवाई दलाच्या कसरती करणाऱ्या रेड ॲरोज पथकाचं, ते बघून लोक खुश होऊन घेतात. पण १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरहून फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों ज्यातून उडाले ते एका सीटचं लढाऊ नॅट. पुट्टी लावून एकाचं दुसरं होत नाही.

किट आलं की स्प्रू, म्हणजे ज्या चौकटीला सगळे पार्ट जोडलेले असतात ती, कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून धुवून घ्या, साच्यातून सुटायला लावलेलं तेलकट असतं ते जातं. पुढे रंग सोलून निघण्याची निम्मी प्रकरणं इथलीच. आणि पार्ट हाताने पिरगाळून तोडायचा नाही, निपरने थोडं लांबून कापा, मग दुसऱ्यांदा जवळून, उरलेला ठिपका ब्लेडने आणि पॉलिश पेपरने. कॅनोपीला, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेला, तर अजिबात घाई नको, पारदर्शक प्लास्टिक ठिसूळ असतं, ओढाताण झाली की तडा थेट काचेत जातो आणि तो कशानेच जात नाही.

सिमेंट

इथे जरा थांबतो, कारण खरा घोळ इथेच होतो.

मॉडेलचं सिमेंट चिकटवत नाही, ते प्लास्टिक विरघळवून दोन्ही बाजू एकमेकांत मिसळवतं. म्हणून जास्त लावलं तर जास्त पक्कं, हा हिशोब इथे उलटा पडतो. भरपूर सिमेंट ओतलं की आतलं प्लास्टिक बरेच दिवस मऊ राहतं, वरून कडक वाटतं, तुम्ही घासून गुळगुळीत करता, रंगवता, आणि महिनाभराने त्याच जागी पाठीवरून एक बारीक खोलगट रेघ उमटते. लोक म्हणतात पुट्टी बसली. पुट्टी नाही, खालचं प्लास्टिक वाळून आकसलं.

बरोबर पद्धत सोपी आहे. फ्यूजलाजचे, म्हणजे विमानाच्या धडाचे, दोन भाग आधी सिमेंट न लावता जोडून बघा, कुठे अडतंय ते घासून घ्या, मग हाताने मिटवून धरा आणि टामियाच्या हिरव्या झाकणाच्या पातळ सिमेंटचा ब्रश सांध्याला नुसता टेकवा. ते फटीत आपोआप धावत जातं. दहा-पंधरा सेकंद थांबून दोन्ही भाग हलके दाबा, की सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची एक बारीक कड वर येते. ती कड आली म्हणजे काम झालं, तिला हात लावायचा नाही, पुसायची नाही, एक-दोन दिवस वाळू द्यायची आणि मग ब्लेडने खरवडून काढायची. बऱ्याचदा पुट्टीची गरजच पडत नाही. फक्त बोटं सांध्यावर ठेवू नका, सिमेंट बोटाखाली ओढलं जातं आणि ठसा कायमचा छापला जातो. छापला गेलाच तर पुसायला जाऊ नका, पुसलं की वाट लागलीच, पूर्ण वाळू दे आणि मग घासून काढा.

फट मोठी असेल, मिगच्या पंखाच्या मुळाशी असते बऱ्याच जुन्या किटमध्ये, तर फेविक्विक भरून घासलं तरी चालतं, पण त्याच दिवशी घासा. दुसऱ्या दिवसापर्यंत ते प्लास्टिकपेक्षा कडक होतं, मग घासताना आजूबाजूचं प्लास्टिक उतरतं आणि मधे उंचवटा तसाच राहतो. गाडीच्या रंगाच्या दुकानात मिळणारी एनसी पुट्टी स्वस्त आहे आणि चालते, फक्त एकदम जाड थापायची नाही, त्यातलं सॉल्व्हंट प्लास्टिकला खातं आणि वाळताना ती आकसते. पातळ थर, वाळवणं, परत पातळ थर.

सांधा गेला की नाही हे बोटाला कळत नाही आणि डोळ्यालाही नाही, कारण प्लास्टिक करडं किंवा पांढरं असतं. सांध्यावरून सिल्व्हर रंगाचा एक हात फिरवा, सगळं उघडं पडतं. आणि साठच्या दशकातलं चकचकीत धातूचं मिग-२१ एफएल करणार असाल तर ही पायरी गाळूच नका, कॅमोफ्लाजमध्ये ओरखडा खपतो, धातूच्या रंगात ४०० नंबरचा एक ओरखडासुद्धा आरशासारखा दिसतो. ४००, ६००, १०००, मग २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून. घासताना पुसल्या गेलेल्या पॅनल लाईन (पत्र्याचे जोड दाखवणाऱ्या कोरलेल्या रेघा) प्रायमरच्या, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराच्या, आधीच सुईने परत कोरून घ्या, नंतर कोरायला गेलात तर रंगाचे टवके उडतात.

एक गोष्ट फ्यूजलाज मिटवण्याआधी. नाकाला चाक असलेलं विमान मागे बसू शकतं. सगळे भाग मास्किंग टेपने तात्पुरते जोडा, मागची चाकं जिथे येणार त्या जागी खाली पेन्सिल आडवी धरा आणि बघा कुठे कलतंय. शेपटीकडे कललं तर पुढे वजन हवं, आणि मिगच्या नाकातच हवा आत घ्यायचं तोंड असल्याने जागा फार नसते, त्या तोंडातल्या टोकदार कोनच्या आत आणि कॉकपिटच्या खाली जेवढं बसेल तेवढं. इथे बरेच जण मासेमारीचं शिसं फेविकॉलमध्ये बसवतात. नका करू. पांढऱ्या गोंदातून सुटणाऱ्या ॲसिटिक ॲसिडमुळे बंद जागेत शिसं पांढरं पडत जातं आणि फुगतं, काही वर्षांनी चांगलं बनवलेलं मॉडेल कपाटात बसल्या बसल्या सांध्यावर उकलतं. बेअरिंगच्या स्टीलच्या गोळ्या घ्या आणि एम-सीलमध्ये दाबून बसवा.

रंग, थिनर आणि आपला पावसाळा

रंग आणि सिमेंट ज्वलनशील, त्यामुळे विमानाने येत नाहीत, बाहेरून मागवणं कटकटीचं. म्हणून आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानातल्या थिनरवर सगळा कारभार. एनसी थिनर एअरब्रश धुवायला एक नंबर, पण त्याचा बोळा उघड्या प्लास्टिकवर फिरवलात तर पृष्ठभाग चिकट होऊन खराब होतो. पोस्टर कलर प्लास्टिकवर धरतच नाही, त्यात वेळ घालवू नका. आणि थरांचा क्रम लक्षात ठेवा, खाली लॅकर (भराभर वाळणारा रंग) वर इनॅमल (हळू वाळणारा) चालतं, अर्धवट वाळलेल्या इनॅमलवर लॅकर मारला की सुरकुत्या पडतात, त्याला इलाज नाही, खरवडून परत.

एअरब्रशने रंग खरखरीत, धुळीसारखा बसला तर तो हवेतच वाळतोय, जवळून मारा किंवा थिनर वाढवा. उलट रंग कोळ्याच्या पायांसारखा पसरत असेल तर फार पातळ झालाय किंवा नोझल फार जवळ आहे. थेंब ओघळला तर तिथल्या तिथे पुसू नका, वाळू दे, वॉटर पेपरने सपाट करा, परत एक हलका हात.

जून ते सप्टेंबर मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांसाठी वेगळं लिहावं लागेल. क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, मारला आणि सगळ्या विमानावर पांढुरकी साय आली, हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. सॉल्व्हंट भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थरात अडकते. घाबरू नका, विमान फुकट गेलेलं नाही. कोरड्या दिवशी किंवा एसीच्या खोलीत हळू वाळणाऱ्या लॅकर थिनरचा किंवा रिटार्डरचा (वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचा) अगदी हलका फवारा मारा, थर परत ओला होतो आणि साय निघून जाते. हलका फवारा म्हणतोय, आंघोळ नाही. एअरब्रशच्या कॉम्प्रेसरला वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा भाग) नसेल तर पावसाळ्यात होजमधून पाण्याचा थेंब नेमका कॅनोपीजवळच थुंकला जातो, तो छोटा खर्च कराच.

आणि फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरात लॅकर मारणाऱ्यांनो, गॅस शेजारी आहे हे विसरू नका. खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, आणि तोंडाला वाफ अडवणारा कार्ट्रिजवाला मास्क. कापडी मास्कने वास अडत नाही आणि वासाबरोबर जे आत जातं तेही अडत नाही.

डिकलखाली चांदी

हवाई दलाच्या वर्तुळाच्या डिकलभोवती चंदेरी चकाकी दिसते, त्याला सगळे डिकल खराब म्हणतात. खरं म्हणजे मॅट रंग खडबडीत असतो, डिकलखाली हवा अडकते आणि तीच चमकते. म्हणून मॅट रंगावर आधी ग्लॉस क्लिअरचा थर, तो नीट वाळल्यावर डिकल, आणि सगळ्यात शेवटी परत मॅट. डिकल बसवायची दोन द्रावणं मिळतात, मायक्रो सेट खाली, डिकल मऊ करणारं मायक्रो सोल वरून, उलटं नाही. सोल लावल्यावर डिकलला अशा सुरकुत्या पडतात की छातीत धस्स होतं, पण हात लावायचा नाही, तासाभरात स्वतःच बसतं, त्या अवस्थेत बोट लावलं तर फाटतं. चांदी आधीच आली असेल तर सुईने डिकलला बारीक टोचे मारा, वर सोल लावा, वाळलं की परत. दोन-तीनदा केलं की बहुतेक वेळा जाते.

किट जुनं असेल तर नको असलेलं एखादं डिकल आधी पाण्यात टाकून बघा. तुकडे झाले तर उरलेल्या शीटवर लॅकर क्लिअरचा थर मारून वाळवा, मग प्रत्येक डिकल कडेने कापून घ्यावं लागतं, वैताग आहे पण वाचतं.

कॅनोपी

फेविक्विक कॅनोपीजवळ आणूच नका, त्याची वाफ काचेवर आतून बसून धुकं तयार होतं, आणि कॉकपिट बंद झाल्यावर आतून पुसणार कसं. इथे मात्र साधा फेविकॉलच बरा, वाळल्यावर पारदर्शक होतो आणि चुकून बाहेर आला तर ओल्या कापसाने पुसता येतो. चाकांच्या दांड्यांच्या बाबतीत अजून एक, पॅनल लाईनमध्ये इनॅमलचा वॉश (रेघा उठून दिसाव्यात म्हणून सोडलेला पाण्यासारखा पातळ रंग) सोडताना थिनरचं तळं साचू देऊ नका. ताणाखाली असलेल्या उघड्या प्लास्टिकमध्ये ते शिरलं की दांडी कट्कन तुटते, कधी कधी दुसऱ्या दिवशी.

आणि सगळंच हाताबाहेर गेलं असेल तर ॲक्रिलिक रंगाचं मॉडेल डेटॉलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, पाणी न घालता. सकाळी जुना टूथब्रश घेऊन आधी डेटॉलमध्येच घासायचं, सगळा रंग सुटल्यावरच पाणी. आधी पाणी लागलं तर रंगाचा चिकट गोळा होऊन पॅनल लाईनमध्ये भरतो आणि मग सुईने उकरत बसावं लागतं. फेविकॉलने बसवलेली कॅनोपी आधी काढून ठेवा, आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दोन दिवस बाथरूमला दवाखान्याचा वास येणार आहे.