पीएचपीने फाइलींची यादी दाखवताना या चुका टाळा

खानापूर तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटवर अंक आणि नोटिसा पीडीएफ करून चढवतो. पूर्वी प्रत्येक लिंक मी हाताने लिहायचो. एखादी राहिली की वाचकांचे फोन सुरू. मग पीएचपीची (सर्व्हरवर चालणाऱ्या वेबसाइटच्या प्रोग्रामिंग भाषेची) छोटी स्क्रिप्ट लिहिली. फोल्डरमध्ये फाइल टाकली की यादीत दिसते, आणि आता ग्रंथपालबाई स्वतःच अंक चढवतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वेबसाइटचं मूळ फोल्डरच स्क्रिप्टला दाखवणं. स्कॅनडिर (scandir) हे फोल्डरमधली नावं वाचणारं फंक्शन सापडेल ते सगळं देतं: एक टिंब, दोन टिंबं, टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली, विसरलेला बॅकअप. माझ्या हातून हेच झालं. सभासदांच्या फोन नंबरांची एक्सेल फाइल दोन दिवस यादीत उघडी होती. त्या लोकांनी विश्वासाने नंबर दिले होते, ते अजून मनाला लागतं. अंकांसाठी वेगळं फोल्डर करा आणि फक्त पीडीएफ दाखवा. पण यादीतून वगळलेली फाइलसुद्धा पत्ता माहीत असला की उघडते, म्हणून खाजगी फाइली सार्वजनिक फोल्डरच्या बाहेरच ठेवा.

अंकांची वर्षवार फोल्डरं असतील आणि कोणतं वर्ष दाखवायचं हे वेबपत्त्यातून (URL) घेत असाल तर आणखी सावध राहा. तिथे कुणी दोन टिंबं आणि तिरकी रेघ लिहिली की स्क्रिप्ट वरच्या फोल्डरात शिरते. चालणारी वर्षं स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवा, दुसरं काही आलं तर नाकारा.

फोल्डरात फाइली आहेत, पण यादी रिकामी? स्कॅनडिर नुसतं नाव देतं. ती फाइल आहे का हे तपासताना नावापुढे फोल्डरचा पूर्ण पाथ जोडावा लागतो. दुसरं म्हणजे काही स्कॅनर एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचं .pdf) कॅपिटल अक्षरांत लिहितात, तेव्हा तुलना करण्याआधी ते लहान करून घ्या.

नावांचा घोळ आपल्याकडे जरा जास्तच. नावात हॅश चिन्ह असलं की ब्राउझर पुढचा भाग तोडतो आणि लिंक सापडत नाही. लिंकमध्ये नाव रॉ-यूआरएल-एन्कोड (rawurlencode, अशी चिन्हं लिंकमध्ये चालतील अशी बदलणारं फंक्शन) करून घाला, पानावर दिसणारं नाव एचटीएमएल-स्पेशल-चार्समधून (htmlspecialchars, नावातली चिन्हं ब्राउझरने कोड समजू नयेत म्हणून) काढा. ‘शेतकऱ्यांसाठी योजना’ या फाइलीने मला एक अख्खी संध्याकाळ खाल्ली. ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतं: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब). डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शोधताना नावं जुळत नाहीत. जुळवण्यापुरतं पीएचपीतलं नॉर्मलायझर (Normalizer) वापरून दोन्ही एकसारखी करा. लिंकमध्ये मात्र डिस्कवरचं मूळ नावच हवं.

क्रमही असाच फसवतो. ‘अंक-१०’ हा ‘अंक-२’च्या आधी येतो, आणि नॅटसॉर्ट (natsort, नावातले आकडे संख्या म्हणून धरून क्रम लावणारं फंक्शन) देवनागरी आकडे ओळखत नाही. शिवाय आमच्या नोटिसा मराठी आणि कन्नड दोन्हींत असतात. साध्या क्रमात देवनागरी नावं आधी आणि कन्नड सगळी तळाला जातात, ते बरोबर नाही. आता प्रत्येक नाव 2024-08 असं इंग्रजी आकड्यांनी सुरू होतं, त्यामुळे एकाच महिन्याच्या दोन्ही भाषांतल्या नोटिसा शेजारी येतात. फाइल बदलल्याच्या तारखेवर क्रम लावू नका. होस्टिंग बदलताना फाइली पुन्हा चढवल्या आणि सगळ्या अंकांची तारीख एकच झाली.

नाव दिसतं पण क्लिक केल्यावर 403 (परवानगी नाही) असा एरर येतो, तेव्हा परवानग्या बघा: सहसा फाइलीला 644, फोल्डरला 755 लागते. 777 (कुणालाही बदल करायची मुभा) देऊन मोकळं होऊ नका.