गोट्याचा सातचा धिंगाणा

गोट्या आमचा कुत्रा, मिश्र जातीचा, 18 किलोचा, दीड वर्षाचा. संध्याकाळी सात वाजले की याच्या अंगात यायचं. सोफ्यावर उडी, खाली उडी, मग माझ्या बाहीला लटकणं. चपलांचा एक जोड धड उरला नव्हता.

मला वाटलं, पुरेसा दमत नाही. म्हणून रोज पाऊण तास बॉल फेकायला लागलो. महिन्याभरात तो दमायचा सोडाच, पैलवान झाला! घरी आल्यावरही धापा टाकत बॉलच्या कपाटाकडे टक लावून बसायचा.

मग बॉल आठवड्यातून दोनदाच, तोही 10 मिनिटं. बाकी फिरणं त्याच्या नाकाच्या वेगाने. एकाच खांबापाशी चार-चार मिनिटं फुरफुरत उभा राहतो. लोक बघतात, बघू देत. सकाळचं अर्धं खाणं जुन्या टॉवेलात गुंडाळून देतो. ते उलगडताना शेपटी हलायचीही थांबते, इतका गुंग.

खरा फरक पडला तो दुपारच्या झोपेने. पूर्ण वाढलेला कुत्रासुद्धा दिवसाचे साधारण 10-12 तास झोपतो. आमच्या माणसांच्या वर्दळीत याला डोळा लागतच नव्हता. आता गादी मागच्या खोलीत, पडदा ओढलेला, मुलांना तिकडे बंदी.

त्याने बाही धरली की मी ओरडत नाही, मुकाट उठून दुसऱ्या खोलीत जातो. पहिले चार दिवस त्याने जास्तच ओढली, एक शर्ट गेला. आता सात वाजता फार तर एक चक्कर मारतो आणि दाराशी आडवा होतो.