अ‍ॅस्परजिलस फ्युमिगाटसची एमआयसी: प्लेट लावताना आणि वाचताना

बायोप्सीत किंवा बीएएलमध्ये (फुफ्फुस धुऊन काढलेल्या द्रवात) अ‍ॅस्परजिलस फ्युमिगाटस वाढली की वॉर्डातून विचारणा होते, व्होरिकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध चालेल का? सीएलएसआय या अमेरिकी प्रमाणक संस्थेच्या एम३८ पद्धतीने एमआयसी (बुरशीची वाढ रोखणारी औषधाची सर्वांत कमी तीव्रता) काढली की उत्तर मिळतं, पण निम्मी भिस्त इनॉक्युलमवर, म्हणजे चाचणीत घातलेल्या बीजाणूंच्या मात्रेवर असते.

आधी कॉलन्या निवडा. एकाच नमुन्यात संवेदनशील आणि प्रतिरोधी अशा दोन्ही असू शकतात, म्हणून चार-पाच कॉलन्या चार खान्यांच्या स्क्रीनिंग प्लेटवर लावा: इट्राकोनॅझोल ४, व्होरिकोनॅझोल २, पोसाकोनॅझोल ०.५ मिग्रॅ/लिटर आणि एक खाना औषधाविना. औषधाच्या खान्यात जी वाढेल तिची एमआयसी हमखास काढा.

पोटॅटो डेक्स्ट्रोज अगारवर भरपूर बीजाणू आले की बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये १ मिली सलाइन आणि ट्वीन-२० चा थेंब टाकून हलकेच खरवडा. ट्वीन नसेल तर बीजाणू पाण्यावर तरंगत राहतात. ३ ते ५ मिनिटं थांबा, गुठळ्या तळाशी बसू द्या, वरचाच भाग घेऊन व्होर्टेक्स करा. ५३० नॅनोमीटरवर ओडी (द्रावणाच्या गढूळपणाचं माप) ०.०९ ते ०.१३ हवी. तंतूंचे तुकडे राहिले तर ओडी बरोबर दिसते आणि बीजाणू कमी भरतात. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहाच.

आरपीएमआय १६४० या द्रव माध्यमात (एमओपीएस बफर, पीएच ७.०) १:५० पातळ करा. प्लेटच्या वेलमध्ये (खळग्यात) औषधाचं दुप्पट तीव्रतेचं द्रावण १०० मायक्रोलिटर, त्यावर हे १००. ३५ अंशांवर, न हलवता. सोबत वाढीचा आणि निर्जंतुकतेचा कंट्रोल, शिवाय गुणवत्ता तपासायला कँडिडा क्रुसेईचा एटीसीसी ६२५८ हा प्रमाणित स्ट्रेन. कँडिडाची एमआयसी मर्यादेबाहेर गेली तर ती अख्खी बॅच बाद.

४८ तासांनी प्लेट आरशावर धरून वाचा. अझोल आणि अ‍ॅम्फोटेरिसिन बी साठी वेल पूर्ण स्वच्छ हवी. धूसर झाकही वाढच समजायची. मधलीच एखादी वेल स्वच्छ आणि पुढची गढूळ दिसली तर चाचणी पुन्हा. कॅस्पोफंजिनमध्ये वेल स्वच्छ होतच नाही, तिथे २४ तासांनी आखूड, गोळीदार तंतू शोधून एमईसी (असे तंतू दिसणारी सर्वांत कमी तीव्रता) लिहायची.

व्होरिकोनॅझोल: ०.५ किंवा कमी संवेदनशील, १ मध्यम, २ किंवा जास्त प्रतिरोधी (मायक्रोग्रॅम/मिली). या आकड्याला युकास्ट या युरोपीय संस्थेचे ब्रेकपॉइंट (संवेदनशील की प्रतिरोधी ठरवणाऱ्या सीमा) लावू नका. त्यांचं इनॉक्युलम जास्त असतं, ग्लुकोज २ टक्के.

रायझोपस, म्हणजे २०२१ मध्ये महाराष्ट्राने पाहिलेला म्युकर, २४ तासांतच वाचायचा. व्होरिकोनॅझोल त्याच्यावर मुळातच चालत नाही, ते लावू नका. अ‍ॅम्फोटेरिसिनची एमआयसी देता येते, पण क्लिनिकल ब्रेकपॉइंट नाहीत. रिपोर्टवर नुसता आकडा लिहा, ‘संवेदनशील’ नको. आणि रिपोर्टसाठी उपचार किंवा शस्त्रक्रिया थांबवू नये, हे वॉर्डला आधीच फोनवर सांगून ठेवा.